म्हसोबापतूरचं पेट्रोल

(न्हावऱ्यातलं इलाही मेस्तरींचं गॅरेज. सकाळचे साडेदहा. हौसराव मोटरसायकल ढकलून घामाघूम. त्यांच्या मंडळी कुशाबाई नव्या साडीत, हातात बाळाची कुंची.)

कुशाबाई : …आन् ह्या बी टायमाला म्हसोबापशीच बंद पडली! घरापासनं बराबर एक किलोमीटर. ना अलीकडं, ना पलीकडं.

इलाही : वहिनी, आधी बसा. निघाला कुठं व्हता?

कुशाबाई : पाटसला, माझ्या म्हायेरी. भावाच्या पोरीचं बारसं हाय साडेबाराला. आत्याबिगर नाव कोन ठिवनार? आन् एसटी मघाशीच गेली.

हौसराव : मेस्तरी, कारबोरेटरमदी कचरा आला आसंल. दोन दिवस ठिवून घ्या गाडी.

इलाही : दोन दिवस? दहा मिन्टाचं काम हाय.

हौसराव : निवांत करा वो. घाई कुनाला हाय?

कुशाबाई : घाई कुनाला हाय? तिकडं पोरगी बिननावाची पडलीय पाळण्यात!

इलाही : खोलायच्या आधी टाकीखालचा कॉक, म्हंजी पेट्रोलची तोटी, बंद करायची… आरं, हा तर बंदच हाय! शाब्बास, हौसराव. गाडी उभी केली की कॉक बंद. लोकांना सांगून तोंड दुखलं माझं, कुनी ऐकत न्हाई.

हौसराव : सवय हाय आपली.

इलाही : हे बघा वहिनी, कारबोरेटरची ही खालची वाटी. टाकीतलं पेट्रोल हितं येतं. हा फ्लोट तरंगतो. वाटी भरली की वर येतो आन् पेट्रोल आडवतो.

कुशाबाई : म्हंजी हौदावरचा बॉल.

इलाही : बराबर! आन् ह्या बारक्या भोकाचं नाव जेट. वरनं हवा जोरात जाती, ती ह्याच्यातनं पेट्रोल वढून घेती. दोन्हीचा फवारा हुतो, तो इंजिन खातं.

हौसराव : त्या जेटमदीच कचरा हाय. परवा मी सुई घालून साफ केलं व्हतं.

इलाही : सुई? भोक मोठं झालं तर गाडी दुप्पट पेट्रोल पील! पेट्रोलनं धुवायचं आन् फुंकर मारायची, बास. नाक चोंदलं तर दाभण घालता का तुम्ही? …पन जेट साफ हाय. वाटीच कोरडी ठाक हाय. टाकी भरलेली आन् वाटी कोरडी. नवलच म्हनायचं.

कुशाबाई : इलाहीभाऊ, कॉक बंद केला की गाडी लगीच बंद पडती?

इलाही : न्हाई न्हाई. वाटीत चार चमचे पेट्रोल आस्तंय की. तेवढ्यावर चालती.

हौसराव : मेस्तरी, च्या सांगू का?

कुशाबाई : किती चालती?

इलाही : चालती की किलोमीटरभर.

हौसराव : पेशल सांगतो.

कुशाबाई : खाली बसा.

इलाही : तोबा! मी काय बोललोच न्हाई, वहिनी.

कुशाबाई : दिवाळीला म्हसोबा. जत्रंला म्हसोबा. भाच्याच्या जावळाला म्हसोबा. आन् तुमच्या दोस्ताच्या वरातीला दौंडला गेलो, ह्याच वाटनं, तवा गाडी शिंकली बी न्हाई! निघताना गुडघ्यापशी वाकून काय करत व्हता?

हौसराव : चप्पल बघत व्हतो.

कुशाबाई : तीन नारळ फोडले मी त्या देवाला! तिसऱ्या टायमाला तर शिव्या घातल्या. म्हनलं, माझ्या म्हायेरावर का उठलायस, मेल्या? …माझ्या म्हायेरानं काय घोडं मारलंय तुमचं?

हौसराव : कारलं.

कुशाबाई : काय?

हौसराव : पहिल्या दिवाळीला तुझ्या आईनं कारलं वाढलं. लाजंकाजं ‘झकास’ म्हनलो. सात वर्सं झाली, जवा जाईन तवा कारलं. भरलेलं, तळलेलं, रश्श्यातलं. गेल्या साली डब्यात बांधून बी दिलं.

इलाही : मग सांगायचं की, आवडत न्हाई म्हनून.

हौसराव : सासूला?

इलाही : हां… ते बी खरं.

कुशाबाई : आवो, तिकडं कारलं कुनालाच आवडत न्हाई. आई बी तोंड वाकडं करती. जावयाला आवडतं म्हनून बाजार पालथा घालून आनती.

हौसराव : …खरं सांगतीस?

कुशाबाई : आज माझ्या शेजारी बसा. कुनाचं ध्यान नसलं की माझ्या ताटात सरकवा.

इलाही : घ्या, झालं. कॉक माझ्या हातानं चालू केलाय. मारा किक.

हौसराव : पयल्या किकला सुरू! बस, कुशे. साडेबाराच्या आत पाटस.

कुशाबाई : बसते. पन म्हसोबापशी थांबवा.

हौसराव : आता कशाला? गाडी झ्याक चाललीय की!

कुशाबाई : त्याचा काय दोष नसताना नको नको ते बोलले मी त्याला. हात जोडून येते.

हौसराव : बरं. मी गाडी चालूच ठिवतो.

कुशाबाई : बंद करा. तुम्ही बी उतरायचं.