चार लाल दिवे आणि रिकामी टाकी

मी मूळची राजापूर तालुक्यातली. आमच्याकडे फणस झाडावरून उतरवण्याआधी त्यावर टिचकी मारतात, आवाज ऐकतात, आत काय चाललंय ते बाहेरून ओळखतात. ते मला आईने शिकवलं, आणि पुढे रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सला वर्गात दोनच मुली होत्या त्यातली मी एक, तिथल्या मास्तरांनी मीटर धरायला शिकवलं. या दोन विद्यांवर माझं आयुष्य चाललंय, काय सांगू तुम्हाला. लग्न होऊन शारजात आले, अल नहदा भागात चौदाव्या मजल्यावर वर्षभर समोरच्या इमारतीच्या काचा मोजल्या, मग मोटरहोमच्या यार्डात काम मिळालं. यार्डाच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, माझी प्रमाणपत्रं पाहिलीच नाहीत, हात पाहिले. लहान आहेत, म्हणाला, यल्ला, उद्यापासून ये. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर हो, त्यात शेगडी, पलंग, संडास सगळं. आणि जुन्या गाडीत मैल्याची टाकी पलंगाखाली अशी कोंबलेली असते की पुरुषाचं मनगट तिथे अडकतं.

लोक विचारतात, घाण वाटत नाही का. वाटते. पण टाकीची नाही वाटत. टाकीचा वास खरा असतो. भरलेली टाकी गोडसर, ओलसर वास देते, आणि पडून राहिलेली रिकामी टाकी जुन्या चुन्यासारखा कोरडा वास देते. ती कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ते दाराजवळच्या पट्टीवरचे चार दिवे, आणि माणसं विश्वास ठेवतात दिव्यांवर, कारण दिव्यांना वास नसतो.

त्या दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्सवाल्या साहेबांचंच घ्या. आपलेच, मराठी. वीस वर्षांची जुनी गाडी विकत घेतली, पडदे नवे, उशा नव्या, बाहेर लावायला रंगीत माळा, आणि सुट्टीत उम्म अल क्वैनच्या किनाऱ्यावर कुटुंब घेऊन मुक्काम. तिसऱ्या दिवशी सकाळी यार्डात फोन, आल्या दिवसापासून टाकी फुल दाखवतेय, सेन्सर चेक करा. मी गेले. साहेब माझ्या खांद्यावरून मागे बघतात. टेक्निशियन कुठेय. म्हटलं, मीच. बरं बरं ताई, या, म्हणाले, आणि दार उघडून स्वतः वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले, नाकाशी रुमाल. मला हसू आलं, कारण वास नव्हताच. आत पाऊल टाकल्या टाकल्या मला कळलं की ही टाकी कोरडी आहे.

पट्टीवर चारही दिवे लाल. मी पलंगाची फळी उचलली, टाकीवर वरून खालपर्यंत बोटाने ठोकत गेले. सगळीकडे पोकळ. या जुन्या टाक्यांच्या भिंतीत ओळीने चार बोल्ट असतात, पाणी ज्या बोल्टपर्यंत चढेल त्याचा दिवा लागतो, एवढंच ते शास्त्र. पण आधीच्या मालकाचा मळ आतून थरावर थर बसला, उन्हात दगडासारखा झाला, हवेतला दमटपणा त्यात मुरला, की वीज त्या मळातूनच वाट काढते आणि दिवे लागलेले ते लागलेलेच राहतात. मी म्हटलं, साहेब, टाकीत काही नाही, तुम्ही झाकण उघडून टॉर्च मारली असतीत तरी दिसलं असतं. तर म्हणतात, ते कोण बघणार, इंडिकेटर आहे ना. मी विचारलं, मग टाकी रिकामी करायला गाडी का नेली नाहीत. म्हणाले, समोरची जागा गेली असती, इथून सी-व्ह्यू बघा ना. त्यांची मुलगी मोबाईलमधून मान न काढता म्हणाली, डॅड, आय टोल्ड यू. बायको-मुलीला ते सोबत आणलेल्या दुसऱ्या, उंच गाडीने दिवसातून दोनदा पेट्रोल पंपावरच्या संडासाला नेऊन आणत. वेळ ठरलेली, सकाळी आठ, संध्याकाळी सहा.

आणि साहेबांच्या आई. त्या गावाहून व्हिजिटवर आलेल्या, कोपऱ्यातल्या सीटवर पाय वर घेऊन बसलेल्या. त्या उंच गाडीत चढायला त्यांचे गुडघे तयार नाहीत, म्हणून त्या एकदाच जायच्या, सकाळी. शेजारी पाण्याचा पेला, वर ताटली झाकलेली, भरलेला. ओठांना पापुद्रे धरलेले. मला चहा आला तर आपला कप त्यांनी माझ्या कपात ओतला. मी जवळ बसले. आजी, पाणी कधी प्यायलात. काल दुपारी गं. का, विचारलं, तर हळू आवाजात म्हणाल्या, टाकी भरलीय म्हणतो बाळू, आपण कशाला भर घालायची, आणि बाहेर झुडपं बघ, माझ्या गुडघ्यालाही लागत नाहीत.

हे मला कुणी समजावून सांगायला नको. माझ्या शाळेत मुलींना संडास नव्हता, यार्डात पहिली दोन वर्षं बायकांसाठी दार नव्हतं. त्या दोन्ही ठिकाणी मी सकाळपासून कोरडी राहायला शिकले. पण तिथे खरोखरच जागा नव्हती हो. इथे ती चार पावलांवर होती.

मी साहेबांना बोलावलं. म्हटलं, साहेब, तीन दिवस तुम्ही चार दिव्यांकडे बघताय, या पेल्याकडे एकदा बघा. ते हसले. आईला सवय आहे, म्हणाले, ती प्रवासात पाणी पीतच नाही. अशा माणसाला मी काय म्हणू. दगडासारखा बसलेला मळ तारेने खरवडता येतो, याच्यावर कुठली तार चालवायची.

कामाला लागले. तारा सोडवल्या, दिवे विझले, बोल्टची भोकं बंद केली, टाकीला बाहेरून पातळ पट्ट्यांचे नवे सेन्सर चिकटवले. ते भिंतीतूनच पाणी ओळखतात, मळाशी त्यांचा संबंध येत नाही. साहेब बादली घेऊन आले, टेस्ट करायची ना. मी म्हटलं, बादली राहू दे. आजींना हात देऊन उठवलं, दारापर्यंत नेलं. आधी तो पेला त्या एका दमात प्यायल्या, उभ्यानेच, बाळूकडे बघत. मग दाराच्या कडीवर हात ठेवून मला विचारलं, पुन्हा भरली तर गं. मी म्हटलं, भरली तर रिकामी करतात, आजी. तुमचा मुलगा करील.

साहेबांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला. टाकी रिकामी करायची नळी कुठे जोडायची ते मी त्यांना दोनदा दाखवलं, हातमोजेही दिले, त्यांच्या मापाचे.

आताही कुठे बोलावणं आलं की मी पट्टी नंतर बघते. आधी विचारते, इथे वयाने मोठी बाई कोण, तिला बोलवा. लोकांना वाटतं मी नमस्कार करणार आहे. वाटू दे. आजींनी जाताना माझे हात हातात घेतले होते, न धुतलेले, आणि म्हणाल्या होत्या, असेच लहान राहोत. राहिले आहेत.