रेषेवरचा ठसा

...नाही, नाही, बस ना गं, उभी काय राहतेस — मार्गिलानची ओयदिन ना तू? हे मी तुलाच काय विचारतेय, काल दोन तास त्या उंच खुर्चीवरून तुझंच नाव पुकारत होते. घे, चहा घे. गार झालाय जरा, चालेल ना? चालेल. तू कशाला नाही म्हणशील. पंचाने खेळाडूशेजारी बसू नये, ठाऊक आहे मला, पण तुझी स्पर्धा कालच संपली, आणि तुझी गाडी सुटायला अजून अर्धा तास आहे.

मीसुद्धा टेनिस खेळायचे बरं का. नऊ वर्षं. ताश्कंदपासून बिश्केकपर्यंत सगळे पंच मला नावाने ओळखायचे — काही चांगल्या कारणासाठी नव्हे. मातीत चेंडूचा ठसा दिसला की मी खुर्चीपाशी हजर. "अका, खाली उतरा, बघा." हे अका, म्हणजे पंचदादा, उतरले नाहीत तर कमरेवर हात ठेवून उभी. एकदा अल्माटीत एका म्हाताऱ्या पंचांना चष्मा पुसायला माझा रुमाल दिला — दंड झाला. आई म्हणायची, ही सासरी कशी नांदायची. नांदले की. पुढे गुडघ्याने दगा दिला आणि मी पंच झाले, तर सासूबाईच सगळ्यात खूश — म्हणाल्या, इतकी वर्षं खेळाने पोरीला पळवलं, शेवटी बसायला खुर्ची दिली, तीही सगळ्यांहून उंच.

तर कालचं. शेवटचा पॉइंट, तुझा तो तिरका फटका, मी म्हटलं "आऊट". तू काय केलंस? ठशाकडे बघितलंस — बघितलंस ना? मला वरून दिसलं. मग माझ्याकडे बघितलंस, छातीवर हात ठेवलास, मान झुकवलीस, आणि गेलीस जाळीपाशी हात मिळवायला. अगं, मी काय तुझ्या घरी जेवायला आले होते? ओपा म्हणतेस म्हणून मी तुझी थोरली बहीण होते का? मोठ्यांना उलट बोलू नये ते घरी, जेवायला दस्तरखानावर बसल्यावर. कोर्टवर नियमच आहे — खेळाडूने विचारायचं, पंचाने उतरून ठसा बघायचा. तू विचारलं असतंस तर मी उतरले असते. उतरावंच लागलं असतं.

नाही विचारलंस, तेव्हा मला बरं वाटलं.

हे बोलणार नव्हते मी. पण निघालं तोंडातून, आता ऐक. कोर्टाशेजारी तुतीच्या झाडाखाली ते टोपीवाले साहेब होते ना, ते माझ्या बढतीचं बघायला आलेत. वरचा बिल्ला मिळाला तर बाहेरच्या मोठ्या स्पर्धा. त्यांच्यासमोर शेवटच्या पॉइंटला चूक निघाली असती तर? म्हटलं, पोर गप्प आहे, सुटले. मग सगळे पांगल्यावर गेले त्या कोपऱ्यात. ठसा होता. निम्मा रेषेवर, स्वच्छ — म्हणजे चेंडू आतच. तेवढ्यात माती सारखी करायला चटई ओढत माणूस आला, म्हणाला ओपा, जरा सरका — आणि मी सरकले.

आता सकाळी कळलं, ताश्कंदच्या संघात कोण ते आज ठरतंय, आणि तुझे प्रशिक्षक सगळ्यांना सांगताहेत, ओयदिन ऐन वेळी बाहेर मारते. बाहेर कुठे मारलंस? सामना काही परत मिळायचा नाही, ते माझ्या हातात नाही. पण हा कालचा अहवाल — हा अजून माझ्या पिशवीत आहे. त्यात ठशाचं लिहिलं तर तुझ्या प्रशिक्षकांना वाचावं लागेल. टोपीवाल्यांनाही. सांग, लिहू?

"राहू द्या, ओपा"? बघ, परत छातीवर हात. परत मान खाली. अगं पोरी, मी काय विचारलं? मला काय वाटेल ते नाही विचारलं. चेंडू आत होता का?

"होता" म्हणतेस. मग?

ऐकू आलं नाही. मी पन्नाशीची बाई, जरा मोठ्याने बोल.

...

हं. लिहिते. "लिहा" म्हणालीस, "लिहाल का" नाही, हे चांगलं झालं. — नाही, उभी राहून आभार नकोत, चहा संपव नि पळ, ती बघ गाडी लागली. आणि जाताना वळून बघू नकोस. मला लिहायचंय.