सुमनच्या हातचं कडू

मी किन्हीराजा गावची लेक. केनवडले देली तवा मले वाटलं, नवरा साधाभोया भेटला. भोया कायचा बाप्पा, गोडखाऊ! चहात साखर नाई, साखरीत चहा पाह्यजे. मंग काय, शुगर निघाली. रिसोडच्या डॉक्टरनं सांगतलं, बाई, शुगर डोयाच्या पडद्यावर गेली, आता किडनी धरीन, गोयी चुकू देऊ नका, नाई तं दिसनं बंद होईन.

तवापासून काय काय नाई केलं, काय सांगू तुमाले. कारल्याचा रस काढला, मेथी भिजू घातली, वावराच्या धुऱ्यावरच्या जांभयाच्या बिया उनात सुकवून कुटल्या. दवाखान्यातली ताई म्हने, शुगरनं शरीराले आतून गंज चढते, जांभयाच्या बियाईत त्या गंजाले अडवाचा गुन हाये म्हनतात, पन गोयी सोडून नाई, गोयीच्या संगं. अन् आमचे हे! माह्या हातचा पेला पाह्यला का तोंड वाकडं. गोयी देली तं चुलीमांगं थुकत.

अन् सुमन! शेजारची, ह्यायच्या लहानपनची सोबतीन, ह्याच गावची लेक, नवरा गेल्यावर माहेरी येऊन राह्यली. एक दिवस ओट्यावर आली, म्हने, काहून रे बाबाराव, औषीद घेत नाईस म्हनते? आन वहिनी इकडं. माहीच पूड, माहाच पेला, माह्याच घरचं पानी, तिनं फक्त कालवलं, अन् हे गटागटा पेले. वरून म्हनतात कसे, सुमनच्या हातचं कडू नाई लागत. अंगाची लाहीलाही झाली व माय!

मंग रोजचंच झालं, पूडबी तिच्या हातची अन् गोयीबी. संध्याकाय झाली का हे केस विंचरून ओट्यावर. लग्नात नाई विंचरले एवढे. मी आत भाकरीवर, पन कान बाह्यर. बोलनं काय, तं सोयाबीन अन् पानीपाऊस. पन माह्यासंगं तेवढंबी बोलत नाईत ना हे!

एक दिवस म्हनलं, सुमन, उद्यापासून येऊ नको. नाई आली. अन् ह्यायनं पूडबी सोडली, गोयीबी सोडली. रुसले म्हनलं, रुसू दे. मंग एका सकायी चहाचा कप घ्याले गेले, अन् हात कपाच्या बाजूलेच पडला. कप समोर होता हो. हे चाचपून राह्यले. मी पदर खोचला अन् सरय सुमनच्या दारात. म्हनलं, चाल. तिनं काहून म्हनून नाई पुसलं, चप्पलबी नाई घातली.

तिघंबी रिसोडले गेलो. डॉक्टर म्हने, गेली ती नजर गेली, राह्यली ती जपा.

आता सुमन रोज येते. पयले गोयी देते, गियली का म्हनून ह्यायले तोंड उघडाले लावते, मंग पूड. मी जयतो अजून, खोटं काहून बोलू. तरी म्हनतो, तिले शंभर वर्स आयुष्य लाभो, तिच्या हाताले यश येवो. पन तिले मी ह्यायच्या बाजूले बसवतो, अन् समोर बसतो मी. जेवढी नजर उरली, तेवढीत मी दिसली पाह्यजे.