भोंग्यानंतरचा पेला

जबाब
दिनांक १० डिसेंबर २००१

नाव कु. आदिती भूपाल मगदूम, वय २२ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., धंदा खासगी क्लासमध्ये शिकवणे, मूळ राहणार कामगार वसाहत, वारणानगर, सध्या राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, भाड्याची खोली.

मी स्वतः ठाण्यात येऊन, हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून, माझ्या माहितीप्रमाणे आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे सांगते की,

मी वरील खोलीत गेल्या जूनपासून एकटी राहते. आठवी ते दहावीच्या मुलांना गणित व विज्ञान शिकवते. माझे वडील भूपाल मगदूम, वय ५४, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला आहेत. आई राजमती घर सांभाळते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच आहे.

माझे चुलते जिनगोंडा मगदूम यांनी आज सकाळी ठाण्यात अर्ज दिला आहे. काल संध्याकाळी दस्तगीर बागवान या फळविक्रेत्याने माझ्या वडिलांना जबरदस्तीने सरबत पाजले आणि त्यांचा धर्माचा नियम मोडला, असे त्या अर्जात आहे. घटनेच्या वेळी चुलते हजर नव्हते. मी व आई हजर होतो.

आम्ही जैन आहोत. माझ्या वडिलांनी मी लहान असताना मुनिमहाराजांसमोर नियम घेतला, की सूर्य मावळल्यावर सकाळपर्यंत अन्न घ्यायचे नाही आणि पाणीही घ्यायचे नाही. तो त्यांनी आजवर एकदाही मोडलेला नव्हता. कारखान्याच्या हंगामात कामाची पाळी कुठलीही असो, दिवस मावळायच्या आत ते डबा खाऊन मोकळे होतात. घरी असले की दिवसाचे शेवटचे पाणी त्यांना मी नेऊन देत असे. रमजानच्या महिन्यात वसाहतीपलीकडच्या मशिदीचा भोंगा आमच्या अंगणात ऐकू येतो. तिथले लोक त्या भोंग्याला रोजा सोडतात आणि आमच्या घरी त्याच भोंग्याला वडिलांचे ताट उचलले जाते. लहानपणी मला वाटायचे की तो भोंगा आमच्यासाठीच वाजवतात.

दोन वर्षांपूर्वी वडिलांना साखरेचा आजार निघाला. जेवणाआधी गोळी असते. गोळी घेऊन जेवले नाही तर साखर एकदम खाली जाते आणि माणूस दगावूही शकतो, हे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितले होते, कारण घरात औषधाचा कागद मीच वाचते.

काल रविवार असल्याने वडिलांना सुट्टी होती. आई-वडिलांनी माझी खोली पाहिलेली नव्हती, म्हणून मी त्यांना बोलावले. वडील कामासाठी कोल्हापूरला पुष्कळदा आले आहेत, पण शहर म्हणून त्यांनी ते कधी पाहिले नव्हते. मी ठरवले होते की सगळे चालत दाखवायचे आणि शेवटी माझ्या पगारातून हॉटेलात जेवायला घालायचे. आमचे तिघांचे असे बाहेर जेवणे आधी कधी झाले नव्हते.

खोलीवर आईने स्टोव्ह, बादली, खिडकीची कडी पाहिली. वडिलांनी एकच विचारले, "जेवतीस कधी?" मी म्हणाले, "दिवसाउजेडीच." ते खरे नव्हते. क्लास रात्री सुटतो. त्यानंतर मी खोलीवर एकटी जेवते.

तिथून आम्ही दसरा चौक, बिंदू चौक, भवानी मंडप असे चालत गेलो. शुक्रवार पेठेतल्या जैन मठात दर्शन घेतले. वडील म्हणाले, "इथंच कुठंतर जेवायची सोय बघूया की. आपल्यातलं असंल, येळंवर मिळंल." मी म्हणाले, "आण्णा, आज हॉटेलातच जायचं." मग रंकाळ्यावर गेलो. आई म्हणाली, "येवढं पाणी, आन् प्यायचं न्हाय व्हय?" वडील म्हणाले, "शहर हाय हे. हितं सगळं बघायचंच असतंय." त्यावर आई पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत होती. हे मी सांगते कारण काल दिवसभर वडिलांची तब्येत चांगली होती व ते आनंदात होते, असे मला लिहून हवे आहे.

परत बिंदू चौकाच्या बाजूला आलो तेव्हा ऊन उतरले होते. मी एका शाकाहारी हॉटेलात गेले. वेटर म्हणाला, "जेवण सातनंतर. आत्ता मिसळ, वडा, भजी." आम्हाला कांदा-बटाटा चालत नाही. आई म्हणाली, "साताला जेवायला आम्ही काय घुबडं हाय व्हय?" वेटर हसला. म्हणाला, "जैन व्हय मावशी? मग आधी बोलायचं की. बसा, दोन भाकरी टाकायला सांगतो. धा मिंटात ताट देतो." शहरातल्या हॉटेलांत संध्याकाळचे जेवण अंधार पडल्यावरच सुरू होते, हे मला सहा महिन्यांत चांगले माहीत झाले होते. वडिलांना आणताना ते माझ्या लक्षात राहिले नाही.

वेटरच्या बोलण्यावर विसंबून वडिलांनी गोळी घेतली. दहा मिनिटांत ताट आले नाही. मी दोनदा आत जाऊन आले. ताट आले त्यात भाकरी, आमटी आणि दोडक्याची भाजी होती. वडिलांनी पहिला तुकडा मोडला आणि जवळच्या मशिदीचा भोंगा झाला. त्यांनी तुकडा ताटात परत ठेवला व ताटाला हात जोडले.

मी म्हणाले, "आण्णा, अजून उजेड हाय. हा रोज्याचा भोंगा हाय. आपला न्हवं."

ते म्हणाले, "सूर्य एकच हाय की, बाळ."

मी गोळीची आठवण दिली, तेव्हा ते म्हणाले, "सकाळपतोर काय हुतंय? चला, एस.टी. गाठूया." आई व मी पण जेवलो नाही. वेटर दारापर्यंत मागे आला. "आण्णा, काय चुकलं व्हय?" असे त्याने विचारले. वडील म्हणाले, "तुझं न्हाय चुकलं, पोरा."

रस्त्यावर रोजा सोडण्याची गडबड होती. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसे घोळक्याने बसून खात होती, मुले ताटल्या घेऊन पळत होती. आम्ही तिघे त्यातून वाट काढत चाललो होतो. थोड्या अंतरावर वडिलांची चाल बदलली. थंडी असून त्यांना घाम सुटला. भर बाजारात त्यांनी मला विचारले, "गाडी कुठल्या फलाटाला लागतीया?" मी बिस्किटे घेतली. त्यांनी हात झिडकारला. पुढे एका फळांच्या गाड्याजवळ त्यांचे पाय लटपटले आणि ते खाली बसले.

तो गाडा दस्तगीर बागवान यांचा. त्यांना मी त्यापूर्वी कधी पाहिलेले नव्हते. ते फळीवर कागद पसरून एक खजूर आणि सरबताचा एक पेला ठेवून बसले होते. मागाहून कळले की गिऱ्हाइकामुळे त्यांना उशीर झाला होता आणि त्यांचा स्वतःचा रोजा सुटायचा होता. ते उठले व म्हणाले, "पावणं, हिकडं सरका. टेकून बसा." मी म्हणाले, "साखर पाहिजे, लवकर." त्यांनी तोच पेला पुढे केला.

वडिलांनी दात आवळले आणि मान हलवली. दस्तगीर बागवान लगेच मागे झाले. त्यांचे शब्द असे होते, "ताई, ते न्हाय म्हणत्यात. मी कसं पाजू? माझ्या हातनं न्हाय हुयाचं."

पुढील मजकूर जसा सांगते तसाच लिहावा.

पेला मी त्यांच्या हातातून घेतला. आईला वडिलांचे डोके धरायला सांगितले. आईने धरले नाही. मग मी पाठीमागे बसून त्यांना अंगावर टेकवले, डाव्या हाताने त्यांची हनुवटी धरली आणि गाल दाबून तोंड उघडले. उजव्या हाताने थोडे थोडे सरबत सोडले. पहिले बाहेर आले. मग त्यांनी गिळले. माझ्या वडिलांना सरबत मी पाजले. दस्तगीर बागवान यांचा हात त्यांना लागलेला नाही. दिवस मावळलेला आहे हे मला माहीत होते, नियम माहीत होता, आणि वडील नको म्हणत होते हेही मला दिसत होते. तशीच वेळ परत आली तर मी परत पाजीन.

आईने काय पाहिले ते तिला विचारू नये, अशी माझी विनंती आहे.

थोड्या वेळाने वडिलांनी डोळे उघडले. जिभेला चव कळली असावी. त्यांनी ओठ पुसले आणि विचारले, "कुणी पाजलं?"

पेला माझ्या हातात होता, पण मी त्यांच्या पाठीमागे होते. दस्तगीर बागवान यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. मग ते म्हणाले, "मी पाजलं, पावणं. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

मी काही बोलले नाही.

त्यांनी गाडा तसाच टाकून रिक्षा आणली आणि आमच्यासोबत दवाखान्यात आले. खजूर फळीवरच राहिला होता. डॉक्टर म्हणाले की साखर फारच खाली गेली होती, तोंडात काही गेले नसते तर उशीर झाला असता. वडिलांना सकाळी घरी जायची परवानगी मिळाली.

सकाळी पडद्याआड वडील आईशी बोलत होते ते मी ऐकले. ते म्हणाले, "परक्याचा हात हुता म्हणून सोसलं. त्याला आपलं काय म्हाईत? महाराजांकडं जाऊन प्रायश्चित्त घेतो. पर आपल्या पोरीनं केलं असतं, तर तिच्या हातचं पाणी मला जन्मात घशाखाली उतरलं नसतं."

नंतर, रात्रीच्या फोनवरून कळल्यामुळे, चुलते गावाकडची चार माणसे घेऊन आले. चुलत्यांनी अर्ज आधीच लिहून आणला होता व मला साक्षीदार म्हणून सही करण्यास सांगितले. मी म्हणाले, "काका, त्या माणसानं काही केलेलं नाही." ते म्हणाले, "त्यानं सोताच्या तोंडानं कबूल केलंय. तू गप सही कर. बी.एस्सी. झालीस म्हणून घरापेक्षा शाणी झाली न्हाईस." मी म्हणाले, "तो खोटं बोलला." ते म्हणाले, "मग खरं काय, सांग की." वडील समोर खाटेवर बसून चप्पल घालत होते. मला तिथे सांगता आले नाही. मी सही केली नाही. म्हणून सगळे इथे आलो.

दस्तगीर बागवान यांना सकाळी बोलावून बाहेरच्या खोलीत बसवले आहे. त्यांना आजही रोजा आहे. दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "चाचा, आता खरं सांगून टाका." ते म्हणाले, "ताई, मी काल तुमचं तोंड बघून बोललो. आज ते फिरवलं तर कालचं वाया गेलं की." हवालदारसाहेबांनी विचारले तरी ते तेच सांगत आहेत. त्यांच्या तोंडच्या त्या कबुलीवर कारवाई करू नये. ती खोटी आहे आणि माझ्यासाठी केलेली आहे.

हवालदारसाहेबांनी मला समजावले, की एवढे लिहून देण्याची गरज नाही, "नक्की कोणी पाजले ते गर्दीत दिसले नाही" असे म्हटले तरी अर्ज निकाली निघेल आणि घरात वाईटपणा येणार नाही. ते माझ्या भल्यासाठी म्हणाले. परंतु मला दिसले होते. मी मुलांना शिकवते की प्रयोगात जे दिसले तेच वहीत लिहायचे. आणि गर्दीत कोणी तरी पाजले असे लिहिले, तर बाजारातले लोक ते कोणी तरी म्हणजे दस्तगीर बागवानच समजणार.

माझी आणखी एक विनंती अशी होती, की हा जबाब मला वाचून दाखवताना मोठ्याने वाचावा आणि दार उघडे ठेवावे. वडील दाराबाहेरच्या बाकावर बसले आहेत. त्यांना हे समोर उभे राहून सांगायला मी काल संध्याकाळपासून प्रयत्न करत आहे.

विनंतीप्रमाणे दार उघडे ठेवून वरील सर्व मजकूर वाचण्यात आला. "दवाखान्यात" या शब्दापर्यंत येईतो चुलते आत आले व मध्ये बोलू लागले. वडिलांनी बाहेरून त्यांना "जिनू, ऐकू दे" असे म्हटले. वाचन पुरे झाल्यावर वडील बाकावरून उठले नाहीत. चुलते माणसे घेऊन निघून गेले.

त्यानंतर मी हवालदारसाहेबांना विचारून ठाण्यातल्या माठातून तांब्या भरला. पाणी आमच्या रिवाजाप्रमाणे फडक्यातून गाळून घेतले आणि तांब्या वडिलांच्या शेजारी बाकावर ठेवून परत खुर्चीवर येऊन बसले. एवढे दोन शब्द शेवटी घालावेत असे मी सांगितल्यावरून ते घातले आहेत.

आता ऊन उतरले आहे. मी इथून पाहते तेव्हा वडील बाकाच्या एका टोकाला आहेत. दस्तगीर बागवान यांना जायला सांगितले आहे, पण ते दुसऱ्या टोकाला येऊन बसले आहेत. मध्ये तांब्या आहे. दोघेही रस्त्याच्या दिशेला कान देऊन आहेत. पाण्याला अजून कोणी हात लावलेला नाही.

माझा हा जबाब मी ऐकला, आणि ज्यांनी ऐकावा असे मला वाटत होते त्यांनीही ऐकला. तो मी सांगितला तसाच लिहिला आहे आणि खरा आहे. भोंगा अजून झालेला नाही.

सही
आदिती भूपाल मगदूम