रस्त्याकडे वळवलेली स्कूटर

दातांच्या दवाखान्यात एक शिक्षिका नुसती मासिक चाळत होती. कान मात्र शेजारच्या नणंद-भावजयीकडे होते.

"वहिनी, हा व्हिडिओ बघ. यातला नवरा बायकोच्या कपाचा कान तिच्या बाजूला वळवून ठेवतो. संपलं."

"किती जणांनी पाहिलाय?"

"चाळीस लाख. एवढं काय आहे त्यात?"

"तुझा दादा रोज सकाळी माझी स्कूटर रस्त्याकडे वळवून ठेवतो."

"आपला दादा? अगं, पण चार दिवस तुमचा अबोला आहे ना?"

"आजही वळवली होती."

शिक्षिकेचं पान उलटायचं राहिलं.

"मग काढ की व्हिडिओ."

"नको गं बाई. माझ्या लक्षात आलंय हे त्याला कळलं, तर लाजेल. मग उद्यापासून माझी मलाच वळवायला लागेल."