सिस्टरला बरं वाटावं म्हणून

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपले सरपंच दत्तराव. वेळात वेळ काढून आलेले डॉक्टरसाहेब. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या आपल्या उपकेंद्राच्या रोहिणी सिस्टर. आणि समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो, या बिरूचा सगळ्यांना रामराम.

बोलायच्या आधी तब्येती विचारतो. नऊ वर्षं सिस्टरनी हीच रीत पाळली. दत्तराव, गुडघा कसा हाय? बरा. गोपाळ, तुझा दमा? बरा. बायनाबाई, डोळ्याचं आपरेशन झालं, आता दिसतंय का? बरं दिसतंय म्हणतात, आणि बघायलेत खांबाकडं! हसू नका. ‘बरं हाय’ हे आपल्या गावाचं एकच उत्तर. त्यात खरं किती असतं, तेवढंच मला आज सांगायचंय. भरल्या सभेत असं बोलावं का? पण सिस्टर सोमवारी चुडाव्याला बदलून जायलेत. आज नाही तर कधी बोलणार?

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी सिस्टर साखर तपासायच्या. आम्ही शुगरवाले तेरा जण. आमचे आकडे इतके छान यायचे की तालुक्याच्या मीटिंगीत गावाचं नाव निघालं. सिस्टरचा चेहरा कसा खुलायचा! पण त्यातली मेख काय होती? मंगळवारपासूनच आम्ही हात आखडता घ्यायचो. चहा बंद, भात बंद, रात्री नुसतं ताक. या गोपाळनं एकदा बुधवारच्या लग्नातली बुंदी डब्यात झाकून ठेवली आणि शुक्रवारी खाल्ली. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. उन्हातान्हात स्कुटीवर येणारी बाई, तिला आपल्याकडून चांगलीच बातमी मिळावी, बस्स. माझी बायको भिवराबाई म्हणायची, “लेकीवाणी हाय ती. तिला वंगाळ कशाला सांगायचं?”

गेल्या माघात सिस्टर अचानक सोमवारी आल्या, लसीच्या कामाला. भिवराबाई मेंढरामागून येऊन अंगणात टेकलेली, पुढ्यात भाकरी आणि हा एवढा गुळाचा खडा.

“मावशी, बरं आहे ना?”

“लय बरं हाय, बाई.”

“मग ते रक्त कुणाचं?”

भिवराबाईनं खाली बघितलं. पायाच्या करंगळीखाली बाभळीचा काटा, अख्खा आत गेलेला. कधीचा? तिलाच ठाऊक न्हाई. पाय पार बधिर झाला होता. सिस्टरनं तिथंच बोट टोचून साखर बघितली आणि मशीन माझ्यापुढं धरली. आकडा चारशेच्या वर.

मी शहाणा म्हणतो कसा, “गुरुवारी बघा की. गुरुवारी बरोबर येते.”

“गुरुवारी बरोबर येते म्हणजे, अण्णा?”

मग आमच्या सूनबाईनं, दिपालीनं, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, सिस्टर आता तोडून बोलतील. त्या उंबऱ्यावर बसल्या. हळूच म्हणाल्या, “त्या चांगल्या आकड्यांवरनं डॉक्टरांनी मावशीची गोळी कमी केली. कागद मीच नेला होता, अण्णा. किती आनंदानं नेला होता.”

मंडळी, त्यापेक्षा रागावणं परवडलं असतं.

परभणीच्या दवाखान्यात सव्वा महिना काढला. पाय ठेवायचा की घोट्यापासून काढायचा, यावर आठ दिवस आमच्या घरात घास उतरला न्हाई. सिस्टर आपल्या सुटीच्या दिवशी येऊन बसायच्या. शेवटी एका करंगळीवर निभावलं. आज भिवराबाई घरापासून इथवर चालत आली, ती बघा तिसऱ्या रांगेत. जखम भरली, साखर ताब्यात हाय, मुलगा भागवत मेंढरं सांभाळतो आणि ही चप्पल घालून त्याच्यावर हुकूम सोडते. ही चांगली बातमी, आणि खरीसुद्धा.

त्यानंतर गुरुवार मोडला. सिस्टर कुठल्याही वारी येऊ लागल्या. गावाचे आकडे चढले, मीटिंगीतलं नाव गेलं, पण गोळ्या ज्याच्या त्याला बरोबर मिळायला लागल्या.

आता एक विचारतो. नऊ वर्षं त्यांनी आपली तब्येत विचारली. आपण त्यांची किती वेळा विचारली? मी आज मघाशी, चहाच्या वेळी, पहिल्यांदा विचारली. म्हणाल्या, “बरी आहे, अण्णा,” आणि तोंड फिरवून डोळे पुसले. सिस्टर, हे गुरुवारचं उत्तर झालं. आम्ही ते धरत न्हाई.

शाल-नारळ पंचायतीनं दिलं. आमच्या घरचं देणं म्हणजे ही दहा पोस्टकार्डं. आमचा पत्ता मीच घातलाय. अक्षर वाकडं हाय. शाळा पाहिली न्हाई, खताच्या पोत्यावरची अक्षरं लावत शिकलो. फोनवर माणूस ‘बरं हाय’ म्हणून मोकळा होतो. कार्डाला दोन मिनिटं बसावं लागतं. बरं असेल तर बरं लिहा, नसेल तर नाही म्हणून लिहा. तसं कार्ड आलं तर भिवराबाई सेलूवरून गाडीत बसून चुडाव्याला येणार हाय. पाय तुम्हीच राखलाय, तो तुमच्या दारी येणारच.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, उपकार झाले. थोरामोठ्यांपुढं कमी-जास्त बोललो असेन तर पोटात घाला. माझी आज सकाळची साखर दोनशे दहा, कालच्या पुरणपोळीमुळं. सिस्टर, मी माझं सांगितलं. आता तुमचं कार्ड लवकर येऊ द्या.