जुन्या तारा मिळतील का?

बाई : नाही भाऊ, तुमच्या लक्षात येत नाहीये. कोऱ्या नकोत मला. जुन्या तारा हव्यात. बावीस वर्षं वापरलेल्या.

कारागीर : ताई, जुन्या गिटारी मिळतील इथे. जुन्या तारा मी दुकान बंद करताना कचऱ्यात टाकतो.

बाई : मग कालच्या कचऱ्यातल्या असतील.

कारागीर : कचरा सकाळीच गेला.

बाई : परवाचा?

कारागीर : तोही त्याच गाडीतून गेला. तुम्ही आधी त्या स्टुलावर बसा. त्यावरचा स्क्रूड्रायव्हर बाजूला करा. हं. आता सांगा, झालंय काय?

बाई : आमच्या ह्यांची गिटार आहे. इलेक्ट्रिक. जुन्या घडणीची, पोकळ पोटाची. कॉलेजात चौघांचा बँड होता. बावीस वर्षांपूर्वी शेवटचा कार्यक्रम झाला आणि चौघं चार गावी गेले. जाताना प्रत्येकानं एकेक नेम धरला, पुन्हा एकत्र वाजवेपर्यंत पाळायचा. ड्रमवाल्यानं मिशी काढायची नाही. गाणाऱ्यानं आइस्क्रीम खायचं नाही. तिसरा म्हणाला, मी लग्न करणार नाही.

कारागीर : आणि?

बाई : त्याचा नेम तीन महिन्यांत मोडला. बायको चांगली आहे. आमच्या ह्यांनी नेम धरला की गिटारच्या तारा बदलायच्या नाहीत. आज संध्याकाळी सहाला चौघं आमच्याकडे जमताहेत. ड्रमवाल्याला आणायला हे स्टेशनवर गेलेत. म्हटलं, तेवढ्यात गिटार जरा लख्ख करून ठेवावी.

कारागीर : लख्ख कशानं केलीत?

बाई : भांड्यांच्या तारेच्या घासणीनं.

कारागीर : अरे देवा.

बाई : सगळ्यात बारीक तार तुटली. मग शेजारची मुलगी म्हणाली, काकू, वाजवणारे लोक तारा उकळतात, त्यानं मळ निघतो. म्हणून बाकीच्या पाच सोडवल्या आणि कुकरला लावल्या.

कारागीर : कुकरला.

बाई : पाण्यात बुडवून. तीन शिट्ट्या.

कारागीर : ताई, उकळतात त्या बास गिटारच्या जाड तारा. पातेल्यात, दहा मिनिटं. शिट्टी कुणी घेत नाही.

बाई : ते तिनं सांगितलं नाही. आणि तारा सोडवल्याबरोबर गिटारचा एक लाकडी तुकडाच खाली पडला. गिटार या चादरीत गुंडाळून आणलीय, आणि तो तुकडा रुमालात. डिंकानं चिकटवणार होते, पण बाटलीतला डिंक सुकलेला निघाला.

कारागीर : बघू. ही घोडी. बरं झालं सुकला. ही चिकटवलेली नसतेच, तारांच्या दाबानं जागेवर उभी राहते. सगळ्या तारा एकदम काढल्या की पडणारच. तुमच्या हातून काही मोडलेलं नाही.

बाई : सकाळपासून पहिला चांगला शब्द ऐकला.

कारागीर : पण जुन्याच तारांचा हट्ट कशाला? झालं ते सांगून टाका त्यांना. नव्या बसवू.

बाई : भाऊ, माझा एक नेम आहे. खोटं बोलायचं नाही. लग्नाच्या आधीपासून पाळते. ह्यांनी विचारलं, "तारा बदलल्यास का?" तर मला हो म्हणावं लागेल. बावीस वर्षांचं त्यांचं व्रत माझ्या कुकरनं मोडलं, हे मित्रांसमोर सांगावं लागेल. म्हणून अशा तारा हव्यात, की त्यांना विचारायचं सुचणारच नाही. न विचारलेल्याला उत्तर देणं माझ्या नेमात बसत नाही.

कारागीर : वकिली केलीय का कधी?

बाई : नाही. चव्वेचाळीस मुलांच्या वर्गाला शिकवलंय.

कारागीर : समजलं. मग नीट ऐका. जुन्या तारा नाहीत, पण जन्मतःच जुन्या असतात अशा आहेत. हा नमुना बघा. साध्या तारेवर गोल तारेचं वेटोळं असतं, बोट फिरवलं की खरखरतं. यात वेटोळं चपट्या पट्टीचं आहे. बोट कसं सरकतं?

बाई : गुळगुळीत आहे. आवाज?

कारागीर : आवाजही तसाच. दबका, गोल. चमक नाही, खणखणाट नाही. कोऱ्या असतानाच म्हाताऱ्या. पूर्वी अशा गिटारींवर याच लावायचे. त्या मानानं या गोल वेटोळ्याच्या स्टीलच्या. नव्या असताना घंटीसारख्या वाजतात. कानाला कळतंच, काल बसवल्यात म्हणून.

बाई : मग त्या चपट्या द्या. आणि कुकरातल्या तारा या डब्यात आहेत, जाडी बघून घ्या.

कारागीर : या? या बावीस वर्षांच्या?

बाई : हो.

कारागीर : अच्छा.

बाई : अच्छा काय?

कारागीर : काही नाही. चादर सोडा, गिटार बघू. घोडी जागेवर लावून... हं. वहिनी, असं करा, तुम्ही जरा चहा पिऊन या. समोरच मिळतो. तोवर मी हिला नेहमीच्या जाडीच्या बसवून ठेवतो.

बाई : भाऊ.

कारागीर : बोला.

बाई : चादर सोडेपर्यंत मी ताई होते.

कारागीर : म्हणजे?

बाई : आत्ता वहिनी म्हणालात. आणि जाडी न मोजता "नेहमीच्या" म्हणालात. तुम्ही आमच्या ह्यांना ओळखता.

कारागीर : वहिनी, मीही एक शब्द दिलेला आहे. मला काही विचारू नका.

बाई : विचारत नाही. तुम्ही तार बसवा, मी नुसती बसते.

कारागीर : असं बघत बसू नका हो. माझ्या हातातून मळसूत्र पडतंय.

बाई : चव्वेचाळीस मुलं अशीच खरं सांगायची.

कारागीर : दरवर्षी येतात. बारा-तेरा वर्षं तर माझ्याच दुकानात. टोपी घालून, दुपारचे, तुम्ही बाजारात गेलात की. त्या आधी दुसऱ्या कुणाकडे जात असतील. म्हणतात, चपट्या द्या, आवाज जुना आला पाहिजे. बसवल्यावर वर थोडी काजळी फासून नेतात. मी म्हटलं होतं, हे बरं नाही. ते म्हणाले, घरच्या शांततेचा प्रश्न आहे.

बाई : काजळी.

कारागीर : तीच तुम्ही सकाळी घासलीत.

बाई : भाऊ, तुम्हाला कळतंय का काय झालंय? ड्रमवाल्याचा फोन आला की हे त्याला सांगायचे, अजून त्याच तारा आहेत. तो हसायचा. मग हे म्हणायचे, हिला विचार, ही खोटं बोलत नाही. आणि मी फोन घेऊन सांगायचे, हो, त्याच आहेत. गाणाऱ्याला सांगितलं. शेजारी सांगितलं. माझ्या आईला सांगितलं. माझा नेम गेला की हो.

कारागीर : तुम्हाला माहीत नव्हतं. ते खोटं धरत नाहीत.

बाई : आज माहीत आहे. आणि आज सहा वाजता तिघांसमोर हे पुन्हा म्हणणार, हिला विचारा.

(दुकानाचा फोन वाजतो. कारागिराचे दोन्ही हात खुंट्यांत अडकलेले. तो कोपरानं स्पीकर चालू करतो.)

नवरा : नमस्कार, मी टोपीवाला बोलतोय. अहो, घोटाळा झालाय. मी आत्ताच घरी आलो, गिटार जागेवर नाही. तुमच्याकडे कुणी विकायला आणली का?

कारागीर : विकायला नाही आणली.

नवरा : आणली तर धरून ठेवा. हिला विचारावं तर ही घरात नाही, आणि विचारायला मी धजतही नाही. मी एक विचारलं की ती मला दोन विचारणार. स्वयंपाकघरात कुकर उघडा पडलाय, आत काळं पाणी आहे. मला तर काही समजेना. ड्रमवाला तिकडे आरशात मिशी बघत बसलाय. आणि हे बघा, आपलं जे दरवर्षीचं आहे ते...

कारागीर : साहेब, फोन स्पीकरवर आहे.

नवरा : मग? दुकानात कुणी आहे का?

बाई : मी आहे.

कारागीर : साहेब, आहात ना?

नवरा : आहे. उभा होतो, बसलो.

बाई : काळं पाणी तुमच्या काजळीचं आहे. गिटार इथेच आहे. तारा मी घासल्या, एक तोडली, बाकीच्या शिजवल्या. हे माझं. आता तुमचं सांगा.

नवरा : अगं, नेमाला वर्ष झालं होतं तेव्हा. तू जिन्यात शेजारणीला सांगत होतीस, आमच्या ह्यांनीही एक नेम धरलाय, आणि पाळताहेत हो. मी वरून ऐकत होतो. माझ्याबद्दल तू कुणाला असं काही सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्याच दिवशी तार तुटली.

बाई : मग तेव्हाच सांगायचं.

नवरा : एका दिवसात कसा मोठेपणा सोडू? म्हटलं, गुपचूप बदलू, आणि या तुटल्या की सांगू. पुढच्या वर्षी तुटायच्या आतच बदलल्या. मग दरवर्षी तसंच होत गेलं.

बाई : आणि मला साक्षीला उभं करत गेलात.

नवरा : तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो ना. माझ्यावर कोण ठेवणार? ते मात्र टोचायचं. तू फोनवर "हो, त्याच" म्हणालीस की मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो.

बाई : मला वाटायचं, तुम्हाला मित्राच्या आठवणीनं भरून येतं.

नवरा : तेही यायचं. थोडं.

कारागीर : मध्ये बोलतो, माफ करा. सव्वाचार वाजले. घोडी उभी करून सूर लावायला मला पाऊण तास लागेल. कुठल्या बसवू तेवढं ठरवा. नेहमीच्या चपट्या?

नवरा : चपट्याच. नाही, थांबा. हिला विचारा.

बाई : सगळ्यात चकचकीत कुठल्या आहेत? अशा, की दारातून आत येणाऱ्यालाही कळावं, आज बसवल्यात.

कारागीर : त्या स्टीलच्या, मघाच्या. पण वहिनी, या गिटारीवर नका हो. दिसायला दिसतील, पण हिचं पोट पोकळ, अंग जुनं. नुसती किंचाळेल. माझ्या हातून व्हायचं नाही ते.

बाई : तुमचाही नेम आहे का?

कारागीर : आहे असं समजा. मधलं काही देतो. या शुद्ध निकेलच्या. वेटोळं गोलच, त्यामुळे आज अशा चमकतील की तीन पावलांवरून कळेल. पण आवाज मऊ. खोटा जुना नाही, आणि ओरडतही नाही.

बाई : या बसवा. काजळी नको.

नवरा : आणि सहा वाजता ते विचारतील, तेव्हा?

बाई : तारा बघून कुणी विचारणारच नाही. त्याआधी तुम्ही सांगा. आत्ता ड्रमवाला घरात आहे, त्याच्यापासून सुरुवात करा.

नवरा : तो हसेल. बावीस वर्षं मिशी राखलीय त्यानं.

बाई : हसू दे. मी आईला फोन करणार आहे, ती हसणारही नाही.

नवरा : ऐक ना. रागावलीस का?

बाई : हो.

नवरा : खूप?

बाई : खूप. घरी येईपर्यंत उतरेल.

नवरा : मग बसनं येऊ नकोस. चालतच ये.